निवडुंग खायचा असेल तर: कोणता, त्याचा कोणता भाग आणि कसा

निवडुंग खाता येतो का, या प्रश्नाला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं दोन्ही चूक आहे. मेक्सिकोत नोपाल, म्हणजे फड्या निवडुंगाचे कोवळे फडे, ही रोजची भाजी. बाजारात बायका समोर बसून काटे तासतात आणि चिरलेला नोपाल पिशवीत भरून देतात. आपल्याकडे मात्र माळावर, गडाच्या उतारावर किंवा शेताच्या कुंपणाला आपण ज्याला निवडुंग म्हणतो, त्यातली बरीचशी झाडं कॅक्टसच्या कुळातली नसतात. त्यांचा चीक विषारी असतो. म्हणून ‘कॅक्टस पौष्टिक आहे’ हे कुठेतरी वाचून कुंपणावरचं झाड तोडायला जाण्याआधी ओळख पक्की करायला हवी. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे: आधी झाड, मग त्याचा भाग, मग काटे आणि शेवटी चूल.

आधी झाड ओळखा

खरे कॅक्टस मूळचे अमेरिकेचे. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेबाहेर निसर्गतः आढळणारी त्यांची एकच जात आहे, रिप्सालिस बॅक्सिफेरा, आणि ती झाडांवर लोंबणारी, बिनकाट्याची. बाकी भारतात दिसणारा प्रत्येक कॅक्टस माणसाने कधीतरी आणलेला आहे. थरच्या वाळवंटात आणि अरवलीच्या खडकांवर जो जाडजूड, काटेरी ‘थोर’ दिसतो तो युफोर्बिया आहे, कॅक्टस नव्हे. महाराष्ट्रातला त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाला लावतात तो पेन्सिलीएवढ्या फांद्यांचा शेर, हेही युफोर्बियाच. कमी पाण्यात जगायची गरज सारखी असल्याने दोन वेगळी कुळं दिसायला सारखी झाली, एवढंच.

पहिली खूण चीक. युफोर्बियाला जरा ओरखडा पडला तरी पांढरा दुधासारखा चीक वाहतो. तो कातडीवर फोड आणतो, तोंडात गेला तर जीभ आणि घसा भाजतो, आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊन काही दिवस दिसेनासं होऊ शकतं. कधी ही इजा कायमचीही ठरते. तेव्हा पांढरा चीक निघणारं कोणतंही निवडुंगासारखं झाड खायचं नाही, हा नियम विनाअपवाद पाळा. उलट मात्र खरं धरू नका. चीक निघाला नाही म्हणून झाड खाण्याजोगं ठरत नाही. चीक तपासायचाच असेल तर हातमोजे घालून, चेहरा लांब ठेवून, लांब काठीच्या टोकाने ओरखडा काढा.

दुसरी खूण काट्याच्या बुडाशी असते. खऱ्या कॅक्टसचे काटे एका बारीक, लोकरी गादीतून निघतात. तिला एरिओल म्हणतात. ही गादी जगात दुसऱ्या कुठल्याही कुळाला नाही. त्रिधारी निवडुंगाचे काटे जोडीजोडीने थेट धारेवर बसलेले असतात, त्यांच्या बुडाशी लोकर नसते. उन्हात धरून भिंगातून पाहिलं की फरक लगेच कळतो.

फड्या निवडुंग, म्हणजे ओपुन्शिया, ओळखणं त्या मानाने सोपं. चपटे, लंबगोल फडे एकावर एक जोडलेले, पिवळी किंवा केशरी फुलं, आणि फड्याच्या कडेला लागणारी बोंडं. बोंडाचा वरचा भाग वाटीसारखा खोलगट असतो. आपल्याकडे खाण्याचा विचार करायचा तर याच एका गटाचा करावा.

मग भाग ठरवा

एकाच झाडाचं फळ खाण्यालायक आणि खोड अपायकारक, असं कॅक्टसमध्ये वारंवार दिसतं.

फड्या निवडुंगाचे कोवळे फडे आणि पिकलेली बोंडं दोन्ही खातात. लागवडीची मुख्य जात ओपुन्शिया फायकस-इंडिका. मेक्सिकोत तिच्या फड्यांना नोपाल आणि फळांना तूना म्हणतात. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचा मिल्पा आल्ता हा भाग नोपालच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे, आणि मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड नोपालवरच बसलेला आहे. भूमध्य समुद्राभोवती लोक फडे फारसे खात नाहीत, फळं खातात. सिसिलीतले शेतकरी तर जूनमध्ये पहिला बहर मुद्दाम खुडून टाकतात, म्हणजे दुसऱ्या बहराची मोठी, रसाळ फळं शरदात मिळतात.

सग्वारो हा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोतल्या सोनोराच्या वाळवंटातला खांबासारखा उंच कॅक्टस. त्याचं फक्त फळ खायचं. तिथले आदिवासी टोहोनो ओ'ओडम लोक जूनच्या अखेरीस, पाऊस येण्याआधी, सग्वारोच्याच वाळलेल्या खोडाच्या लांब काठ्यांनी ही फळं पाडतात, त्यांचा गर आटवून काकवी करतात आणि तिच्यापासून पावसाला बोलावण्याच्या समारंभासाठी मद्यही बनवतात. इतकं जवळचं नातं असूनही सग्वारोचा गाभा कोणी भाजी म्हणून खात नाही, कारण त्यात अल्कलॉइड नावाची अपायकारक द्रव्यं असतात. अ‍ॅरिझोनात सग्वारोला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्याला हात लावायच्या आधी जागेच्या मालकाची परवानगी आणि नियम दोन्ही बघावेत. हेच टोहोनो ओ'ओडम लोक चोया या दुसऱ्या कॅक्टसच्या न उमललेल्या कळ्या वसंतात तोडतात, काटे झाडून काढतात, भाजतात किंवा उकडतात आणि वाळवून वर्षभर ठेवतात.

पिंपासारख्या गोल बॅरल कॅक्टसबद्दल एक धोकादायक समजूत पसरलेली आहे. वाळवंटात तहान लागली की तो कापायचा आणि आतलं पाणी प्यायचं, असं दाखवतात. आत पाणी नसतं. असतो तो ओला, चिकट, आंबट गर, आणि बहुतेक जातींच्या गरात ऑक्झॅलिक आम्ल व अल्कलॉइड असतात. रिकाम्या पोटी तो खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात आणि शरीरात उरलेलं पाणीही जातं. बॅरल कॅक्टसची पिवळी फळं खातात. गर मात्र सोडून द्यावा.

पेयोटी आणि सान पेद्रो या कॅक्टसमध्ये मेस्कलीन हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं. ते खाद्य नाही, आणि मेस्कलीन भारताच्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातही येतं. पेयोटीचं झाड बिनकाट्याचं, निळसर आणि निरुपद्रवी दिसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ड्रॅगन फ्रूट हेही कॅक्टसचंच फळ. ते वाळवंटातलं नाही, उष्ण जंगलात झाडांवर चढणाऱ्या वेलीचं आहे. सांगली-सोलापूरकडे त्याच्या बागा झाल्या आहेत आणि २०२१ मध्ये तडसरच्या शेतकऱ्यांचं फळ दुबईला गेलं. म्हणजे कॅक्टस खाण्याची आपल्याला सवय नाही, असं आता म्हणता येणार नाही.

पोषण किती, औषध किती

कच्च्या नोपालच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९४ ग्रॅम पाणी, १६ कॅलरी, २.२ ग्रॅम तंतू, १.३ ग्रॅम प्रथिनं, १६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, ५२ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, २५७ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ९ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. बोंडात ४१ कॅलरी, ३.६ ग्रॅम तंतू, ८५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि १४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. एका चांगल्या पालेभाजीच्या तोडीचे हे आकडे आहेत. पोट भरण्याइतकी ऊर्जा किंवा प्रथिनं यात नाहीत, त्यामुळे ताटात डाळ-भाकरीच्या जोडीला जागा द्यावी, त्यांच्याऐवजी नव्हे.

कॅल्शियमचा आकडा दुधापेक्षाही मोठा दिसतो आणि जाहिराती त्यालाच पकडतात. पण नोपालमधलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांत अडकलेलं असतं. ते आतड्यात विरघळत नाही आणि शरीराला लागू पडत नाही. उकळून पाणी टाकलं तर विरघळणारं ऑक्झॅलेट कमी होतं, स्फटिक मात्र तसेच राहतात. हाडांसाठी दूध, नाचणी आणि तीळ सोडून नोपालवर विसंबू नये.

साखरेबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. जेवणासोबत नोपाल खाल्ल्याने जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, असं मेक्सिकोतल्या काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. त्यातले चिकट तंतू अन्नातली साखर हळूहळू शोषू देतात, हे त्यामागचं एक कारण. परंतु मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना रोज नोपालचा रस घेतला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. भाजी म्हणून कधीमधी खाणं वेगळं, रोज भुकटीच्या गोळ्या घेणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

गुजरातेत, विशेषतः कच्छ-सौराष्ट्रात, या बोंडांना फिंडला म्हणतात. त्यांचा गडद लाल रस ‘रक्त वाढवणारा’ म्हणून विकला जातो आणि आता महाराष्ट्रातही ती बाटली दिसते. रसाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा आहे, बीटात असतात तीच. रक्ताच्या रंगाशी त्याचा संबंध नाही आणि या फळात लोहही फार नाही. रस चवीला सुरेख आहे, आवडला तर जरूर प्या. पण हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने लोहाच्या गोळ्या बंद करून त्यावर राहणं मला फार चिंतेचं वाटतं. हा रस प्यायल्यावर लघवी किंवा शौच लालसर झाली तर घाबरू नका, तोच रंग बाहेर पडत असतो.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी ऑक्झॅलेटमुळे, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी पोटॅशियममुळे, निवडुंग टाळावा किंवा आधी विचारून घ्यावा.

कोवळा फडा निवडणं

तळहाताएवढा, चकचकीत हिरवा आणि वाकवला तर कट्‌कन मोडणारा फडा घ्यावा. फार कोवळ्या फड्यावर एरिओलपाशी छोटी, टोकदार, मांसल पानं असतात. ती गळून जाण्याच्या सुमाराचा फडा उत्तम. हिरवा-करडा, जाड आणि मोडताना दोऱ्या निघणारा फडा जनावरांसाठी सोडा.

तोडायची वेळ महत्त्वाची आहे आणि तिचं कारण मला या झाडाची सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. वाळवंटात दिवसा छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून कॅक्टस रात्री छिद्रं उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसा छिद्रं बंद ठेवून त्याच साठ्यावर तो अन्न तयार करतो. त्यामुळे पहाटे तोडलेला फडा चांगलाच आंबट लागतो आणि दिवस चढेल तसा आंबटपणा उतरतो. सौम्य भाजी हवी असेल तर सकाळी उशिरा किंवा दुपारी तोडा. आंबटसर चटणी करायची असेल तर पहाटेचा फडा हवा.

रोपवाटिकेतल्या शोभेच्या कुंडीतलं, महामार्गाकडेचं किंवा फवारणी होणाऱ्या बांधावरचं झाड खाण्यासाठी घेऊ नका. अमेरिकेत राहत असाल तर मेक्सिकन किराणा दुकानात साफ केलेले नोपाल सहज मिळतात. पहिल्या खेपेला तेच आणावेत.

कुसळं काढणं

मोठे काटे दिसतात, म्हणून त्यांची भीती कमी. खरा त्रास एरिओलमधल्या बारीक, पिवळसर-तपकिरी कुसळांचा. केसांहून बारीक, टोकाला उलटे दात, आणि नुसता स्पर्श झाला तरी शेकड्याने घुसतात. बिनकाट्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींनाही ही कुसळं थोडीफार असतातच.

चामडी हातमोजे आणि लांब सांडशी घ्या. कापडी मोजे नकोत, कुसळं कापडात अडकतात आणि नंतर आठवडाभर टोचत राहतात. फडा सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर दोन्ही बाजूंनी, कडेकडेने फिरवा. कुसळं तडतडत जळून जातात. अमेरिकेच्या टेक्सासमधले पशुपालक दुष्काळात शेतातच मोठ्या ज्योतीने काटे जाळून गुरांना फडे खाऊ घालतात, तीच ही युक्ती. मग फडा पाटावर आडवा ठेवून बूड घट्ट धरा, धारदार सुरीने कडेचा अर्धा सेंटीमीटर भाग गोल कापून टाका, बुडाचा जाड देठ कापा, आणि सुरी जवळजवळ आडवी धरून बुडाकडून टोकाकडे प्रत्येक एरिओल तासून काढा. सगळी साल काढायची गरज नाही. शेवटी वाहत्या पाण्याखाली धुवा आणि उजेडात तिरपं धरून पाहा. एकही तपकिरी ठिपका उरता कामा नये.

बोंडांचंही असंच. ज्योतीवर फिरवून, जाड ब्रशने पाण्याखाली घासून, काट्याच्या चमच्याने टोचून धरा. दोन्ही टोकं कापा, सालीला लांब उभी चीर द्या आणि साल दोन्हीकडे उलगडा, आतला गर अख्खा निघतो. खेड्यात मुलं बोंड मातीत किंवा खडबडीत दगडावर घासून तोंडात टाकतात. त्याने बरीच कुसळं जातात, सगळी नाही, आणि जिभेत घुसलेलं कुसळ काढणं अवघड असतं. मुलांना आधी सोलायला शिकवा.

कातडीत कुसळं गेलीच तर चोळू नका. मोठी चिमट्याने काढा. उरलेल्यांवर लाकडाला लावतात त्या पांढऱ्या गोंदाचा पातळ थर आणि त्यावर जाळीदार पट्टी लावा, पूर्ण सुकू द्या आणि सोलून काढा. डोळ्यात किंवा घशात गेलं तर घरी काही करत बसू नका, दवाखाना गाठा.

शिजवणं

नोपाल शिजताना भेंडीसारखा बुळबुळीत होतो. तो चिकटपणा नको असेल तर दोन मार्ग आहेत.

मेक्सिकोत चिरलेले फडे अर्धा कांदा, लसूण आणि मीठ घालून भरपूर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळतात. वर फेस येतो, भांडं उतू जाऊ शकतं, म्हणून झाकण ठेवू नका. हिरवा रंग मळकट झाला की चाळणीत ओता आणि गार पाण्याने धुवा. त्यात टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू घातलं की कोशिंबीर तयार. अंड्यांच्या भुर्जीतही हे तुकडे छान लागतात.

मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण त्यात चव पाण्यात जात नाही. बोटभर रुंद पट्ट्या कापून कोरड्या, चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर टाका. आधी पाणी सुटतं, तार धरते, मग ती तव्यावरच आटून जाते. कडा तांबूस झाल्यावर तेल घाला, मोहरी, ठेचलेला लसूण, हिंग, लाल तिखट आणि शेवटी दाण्याचा कूट. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं तर पाणी परत सुटतं. आंबटपणा अंगचाच असल्याने आमसूल किंवा लिंबू लागत नाही. ज्वारीच्या भाकरीशी ही भाजी फार जमते.

पहिल्यांदा खाताना दोन-तीन चमचेच खा आणि दिवसभर बघा. तंतू आणि चिकट द्रव्य जास्त झाल्यास पोट फुगतं, कधी जुलाब होतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर हे प्रमाण आणखी कमी ठेवा. कच्च्या फड्याचा रस रिकाम्या पोटी पिण्याची पद्धत मी सुचवणार नाही.

बोंडाच्या बिया कठीण असतात. दोन-चार बोंडं बियांसकट खाल्ली तर चालतं. टोपलीभर खाल्ली तर बियांचा गोळा गुदाशयात अडकतो आणि तो काढायला डॉक्टरांकडे जावं लागतं. जिथे ही फळं भरपूर पिकतात, तिथल्या डॉक्टरांना असे रुग्ण ठाऊक आहेत. शंका असली तर रस करा. गर हाताने कुस्करा, बारीक चाळणीतून आणि मग पातळ कापडातून गाळा. कापडाने राहिलेलं एखादं कुसळही अडतं. मिक्सर फिरवायचाच तर एक-दोन झटके, बिया फुटल्या तर रस कडवट होतो.

साफ केलेले कच्चे फडे फ्रिजमध्ये कोरड्या कपड्यात गुंडाळून आठवडाभर टिकतात. चिरल्यावर कडा काळ्या पडू लागतात, म्हणून चिरल्या दिवशीच शिजवावेत. रस गोठवून महिनोन्‌महिने ठेवता येतो.

घरी लावायचा असेल तर

महाराष्ट्रात खात्रीचा नोपाल हवा तर खाण्याच्या किंवा चाऱ्याच्या बिनकाट्याच्या जातीचा फडा आणून स्वतः लावणं सगळ्यात सुरक्षित. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था आणि पुण्याची बाएफ ही संस्था यांनी अशा निवडुंगावर काम केलेलं आहे. पूर्ण वाढलेला फडा कापून सावलीत दोन आठवडे ठेवा, कापलेली जागा सुकून घट्ट झाली की एक तृतीयांश मातीत जाईल असा उभा लावा. पाणी साठणारी काळी जमीन नको, मुरमाड हवी. पहिले दोन आठवडे पाणी घालू नका.

छाटलेले फडे माळावर किंवा ओढ्यात मात्र कधीच टाकू नका. पडलेला प्रत्येक तुकडा मुळं धरतो. ऑस्ट्रेलियात असाच पसरलेला निवडुंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोट्यवधी एकर जमीन गिळून बसला होता आणि अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी तो आवरला. आपल्याकडेही १९२६ साली श्रीलंकेतून डॅक्टिलोपियस ओपुन्शी हा कीटक आणला गेला आणि दख्खनच्या पठारावर माजलेला फड्या निवडुंग थोड्याच वर्षांत विरळ झाला. तो कीटक अजून इथे आहे. तुमच्या झाडावर पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसले आणि बोटाने चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर तो हाच. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने पुंजके धुऊन काढा, फार लागण झालेले फडे कापून जाळा, आणि खायचे फडे असल्याने त्यावर कीटकनाशक मारू नका.